डेटा उलगडावा की डिटेक्टर जुळवावा? जेफ्री हॉफमन यांच्या वाटेवरून दिलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. खगोलशास्त्रात पीएच.डी. करायची आहे आणि जमलं तर पुढे अंतराळवीरही व्हायचंय. नासाचे जेफ्री हॉफमन आधी खगोलशास्त्रज्ञ होते असं वाचलं. त्यांनी नेमकं काय केलं? आणि प्रकल्पासाठी माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. एक, उपग्रहाच्या उपलब्ध डेटाचं विश्लेषण. दुसरा, प्रयोगशाळेत सोडियम आयोडाइडचा, गॅमा किरण टिपणारा डिटेक्टर जुळवून त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या ऊर्जेच्या किरणांशी त्याची मोजणी ताडून बसवणं. कुठला घेऊ?"

प्रकल्पाचं आधीच सांगून टाकतो: डिटेक्टरचा घ्या. डेटाचं विश्लेषण तुम्हाला पीएच.डी.त करावंच लागेल, आणि ते घरी बसूनही शिकता येतं. डिटेक्टर स्वतःच्या हातांनी उघडायची, बिघडवायची आणि दुरुस्त करायची मुभा मात्र फार वेळा मिळत नाही. हॉफमन यांची कारकीर्द नीट पाहिली की हा सल्ला का देतोय ते कळेल.

खगोलशास्त्रज्ञाला अंतराळवीर होता येतं का, याचं उत्तर केव्हाच मिळालेलं आहे. नासाने १९६७ साली निवडलेल्या ११ शास्त्रज्ञांत कार्ल हेनाइझ आणि रॉबर्ट पार्कर होते. १९७८ च्या तुकडीत हॉफमन यांच्याबरोबर स्टीव्हन हॉली आणि जॉर्ज नेल्सन होते. हे सगळे खगोलशास्त्रज्ञच. विचार करायचा तो असा, की खगोलशास्त्रातलं कुठलं काम केलेला माणूस यानात उपयोगी पडतो?

हॉफमन यांचा जन्म २ नोव्हेंबर १९४४ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. १९६६ मध्ये ॲमहर्स्ट कॉलेजातून पदवी, १९७१ मध्ये हार्वर्डमधून पीएच.डी. पीएच.डी.साठी त्यांनी फुग्याला टांगून वर न्यायची, कमी ऊर्जेचे गॅमा किरण टिपणारी दुर्बीण केली. आराखडा, बांधणी, चाचण्या आणि प्रत्यक्ष उड्डाण, सगळं त्यात आलं. हे किरण वातावरणात शोषले जातात, म्हणून डिटेक्टर साधारण ४० किलोमीटर उंचीवर न्यावा लागतो. तिथपर्यंतची वाट मोठी अवघड. डिटेक्टरमधल्या फोटोमल्टिप्लायरला, म्हणजे किरणांमुळे पडणारी अंधुक चमक मोजता येईल अशा विद्युतसंकेतात बदलणाऱ्या नळीला, हजारेक व्होल्ट लागतात. जमिनीवरच्या दाबाला हवा चांगली विद्युतरोधक असते आणि पूर्ण निर्वातातही अडचण येत नाही, पण मधल्या टप्प्यात, दाब काही मिलिबारवर आला की, त्याच व्होल्टेजला ठिणग्या पडायला लागतात. त्यामुळे उच्च व्होल्टेजचा भाग एकतर हवाबंद डब्यात ठेवायचा, नाहीतर विद्युतरोधक रसायन ओतून पूर्ण बुजवून टाकायचा. बुजवताना एखादा बुडबुडा राहिला तर ठिणगी नेमकी तिथेच पडते. शिवाय थंडी असतेच. आपल्याकडे टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) हैदराबादच्या केंद्रातून सोडलेला फुगा १७ किलोमीटरच्या आसपास उणे ८० अंशांच्या थरातून जातो. एवढ्या थंडीत फुग्याचं प्लास्टिक ठिसूळ होतं, सोल्डरचे सांधे आकसतात. ज्याने हे एकदा निस्तरलंय, त्याला "उपकरण इथे चाललं म्हणजे तिथेही चालेल" असं कधीच वाटत नाही.

पुढची तीन वर्षं, १९७२ ते १९७५, ते इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात होते. तिथे रॉकेटमधून पाठवायच्या तीन उपकरणांवर त्यांनी काम केलं. त्यातली दोन चंद्राच्या पिधानासाठी, म्हणजे चंद्राआड एखादा स्रोत झाकला जातो ते टिपण्यासाठी, होती. कल्पना सुरेख आहे: त्या काळच्या क्ष-किरण डिटेक्टरला एखादा स्रोत आकाशात नेमका कुठे आहे ते बारकाईने सांगता यायचं नाही. पण चंद्राची कड कोणत्या क्षणी कुठे असते हे आपल्याला अचूक माहीत असतं. चंद्र स्रोतापुढे आला की क्ष-किरण तुटतात, आणि तो क्षण नोंदवला की स्रोत त्या कडेवर होता हे नक्की होतं. गोम अशी की रॉकेट वातावरणाबाहेर जेमतेम पाचेक मिनिटं असतं आणि चंद्र कोणासाठी थांबत नाही. उड्डाण ठरल्या क्षणी, आणि दार उघडणं, व्होल्टेज चढणं, दिशा स्थिर होणं हे सगळं क्रमाने आपोआप. मध्ये हात घालायला वाव नाही. तिसरं उपकरण क्रॅब नेब्युलासाठी, म्हणजे स्फोट झालेल्या एका ताऱ्याच्या अवशेषासाठी होतं. त्यातल्या क्ष-किरण आरशाची परावर्तनक्षमता मोजायची साधनं हॉफमन यांनी स्वतः तयार केली होती.

१९७५ ते १९७८ ते एमआयटीत होते. ऑगस्ट १९७७ मध्ये सोडलेल्या 'हिओ-१' उपग्रहावरच्या ए-४ या प्रयोगाची तिथली जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्याच काळात 'सॅस-३' उपग्रहाच्या डेटावरून त्यांनी क्ष-किरण स्फोटांवर काम केलं. न्यूट्रॉन ताऱ्यावर, म्हणजे स्फोट झालेल्या ताऱ्याच्या उरलेल्या अतिघन गाभ्यावर, साठलेल्या वायूत अचानक अणुसंमीलन पेटलं की होतो तो पहिल्या प्रकारचा स्फोट, आणि वायू ताऱ्यावर सलग न पडता धबाधबा गठ्ठ्यांनी पडला की दुसऱ्या प्रकारचा. ही विभागणी हॉफमन, मार्शल आणि लेविन यांनी १९७८ मध्ये मांडली आणि आजही तीच वापरली जाते. आपल्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहाने टिपलेल्या स्फोटांवर काम करताना तुम्हीही हेच दोन शब्द वापराल. म्हणजे डेटाच्या कामातही ते कच्चे नव्हते. मात्र त्या डेटामागची यंत्रणा त्यांना आतून माहीत होती.

जानेवारी १९७८ मध्ये ८ हजारांहून जास्त अर्जांमधून ३५ जण निवडले गेले, त्यात हॉफमन होते. वय ३३. निवडीनंतर त्यांना ताऱ्यांचं काम मिळालं असेल असं वाटतं ना? कॅलिफोर्नियातल्या डाउनी इथल्या सिम्युलेटरवर त्यांनी स्पेस शटल या यानाच्या दिशादर्शन आणि नियंत्रण प्रणालींच्या चाचण्या घेतल्या. उपग्रह यानातून सोडण्याच्या कार्यपद्धती तयार केल्या, सुरक्षिततेची तपासणी केली, स्पेससूटच्या विकासावर काम केलं. पहिल्या उड्डाणाला १९८५ उजाडलं, म्हणजे सात वर्षं गेली. ही किंमत आधीच समजून घ्या. अंतराळवीर झाल्यावर स्वतःचं संशोधन बाजूला पडतं आणि तुम्ही बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या उपकरणांसाठी राबता.

एप्रिल १९८५. डिस्कव्हरी यानातून लीसॅट-३ हा उपग्रह सोडला, पण तो चालूच झाला नाही. त्याच्या अंगावरची चालू करणारी खिटी पूर्ण उघडली नसावी, असा जमिनीवरच्यांचा अंदाज. मग यानात हाताशी असलेल्या वस्तूंमधून, कार्यसूचीच्या वह्यांची प्लास्टिकची वेष्टनं आणि चिकटपट्टी वापरून, माशा मारायच्या जाळीसारखी साधनं तयार केली. हॉफमन आणि डेव्हिड ग्रिग्ज यांनी बाहेर जाऊन ती यानाच्या यांत्रिक हाताच्या टोकाला बांधली. शटलच्या इतिहासातला हा पहिला आयत्या वेळचा स्पेसवॉक. मग ऱ्हिया सेडन यांनी तो हात चालवून खिटी ओढली. ती सापडली, ओढली गेली, पण उपग्रह तसाच निपचित. दोष खिटीत नव्हताच, आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्या मोहिमेतल्या अंतराळवीरांनी तो उपग्रह पकडून दुरुस्त केला. आमच्या क्षेत्रात हा प्रसंग दोन्ही अंगांनी शिकवण्यासारखा आहे. हाताशी असलेल्या सामानातून साधन करता आलं पाहिजे, आणि साधन उत्तम चाललं तरी निदान चुकलेलं असू शकतं हे मनात जागं राहिलं पाहिजे.

डिसेंबर १९९० ची कोलंबियाची ॲस्ट्रो-१ मोहीम मात्र खास खगोलशास्त्रासाठी होती. सातजणांत चौघे खगोलशास्त्रज्ञ: हॉफमन, पार्कर, सॅम डुरन्स आणि रॉन पॅरिस. मालकक्षात तीन अतिनील दुर्बिणी आणि एक क्ष-किरण दुर्बीण. वर गेल्यावर दुर्बिणी हाताळायचे यानातले दोन्ही संगणकी पडदे जास्त तापून बंद पडले. मग जमिनीवरच्या लोकांनी दुर्बीण साधारण दिशेला वळवायची आणि यानातल्यांनी ताऱ्यांची मांडणी ओळखून हाताने ती नेमकी लक्ष्यावर आणायची, असं काम चाललं. इथे आकाश डोळ्यांत बसलेलं असणं थेट कामी आलं. हॉफमन यांच्या पाच मोहिमांपैकी खगोलशास्त्राचं ज्ञान इतकं उघडपणे वापरलं गेलं ते या एकाच मोहिमेत, असं माझं मत आहे.

आता हबल अंतराळ दुर्बीण. हा भाग सावकाश वाचा, कारण तुमच्या प्रकल्पाशी त्याचं सर्वात जवळचं नातं आहे.

हबलचा मुख्य आरसा २.४ मीटरचा. तो अतिशय गुळगुळीत घासला गेला, पण चुकीच्या आकारात: कडेला हवा त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट, म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग. ताऱ्याचा ७० टक्के प्रकाश ०.१ विकलेच्या (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) आत यायला हवा होता, तो जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास आला. चूक कशी झाली? आरशाचा आकार तपासण्यासाठी जे उपकरण वापरत होते, त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसलं होतं. म्हणजे मोजपट्टीच चुकीची होती, आणि आरसा त्या मोजपट्टीबरहुकूम अगदी बिनचूक घासला गेला. त्याहून जास्त खटकणारी गोष्ट अशी की आणखी दोन तपासण्यांत चूक दिसली होती. ती उपकरणं कमी अचूक म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. दोन मोजमापं जुळत नसतील तर कमी अचूक मोजमाप टाकून देण्याआधी त्या तफावतीचं कारण सापडलं पाहिजे. १.३ मिलिमीटर ही साध्या फूटपट्टीवरही दिसणारी गोष्ट आहे.

दुरुस्तीसाठी एंडेव्हर यान २ डिसेंबर १९९३ ला निघालं. ओळीने पाच दिवस पाच स्पेसवॉक झाले, एकूण सुमारे साडेपस्तीस तास. पहिला, तिसरा आणि पाचवा हॉफमन आणि स्टोरी मस्ग्रेव्ह यांनी केला, दुसरा आणि चौथा कॅथरिन थॉर्नटन आणि टॉम एकर्स यांनी. यांत्रिक हातावर होते क्लोद निकोलिए, हे स्वित्झर्लंडचे, आणि तेही खगोलशास्त्रज्ञ.

बाहेर काम करणं म्हणजे काय ते समजून घ्या. सूटमधला दाब वातावरणाच्या साधारण ३० टक्के आणि आत शुद्ध ऑक्सिजन. एकदम इतक्या कमी दाबाला गेलं तर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, म्हणून आधी केबिनचाच दाब कमी करून ठेवतात आणि सूट घातल्यावर शुद्ध ऑक्सिजन घेत थांबतात. एवढ्या दाबानेही हातमोजा फुगून ताठ होतो. प्रत्येक वेळी बोट मिटायचं म्हणजे स्पंजचा घट्ट चेंडू दाबायचा, असं सहा-सात तास. हबल बनवताना याचा विचार केला होता: दुरुस्तीला लागणारे बरेचसे बोल्ट मुद्दाम एकाच मापाचे, ७/१६ इंचाचे, आणि अंगावर जागोजागी धरायला दांडे. पाना बदलावा लागत नाही, हा केवढा मोठा दिलासा आहे ते हातमोजे घालून काम केलेल्यालाच कळेल.

पहिल्याच दिवशी जायरोस्कोप (दुर्बीण किती वळली ते मोजणारी उपकरणं) बदलून झाले आणि त्या कप्प्याची दारं बसेनात. चारपैकी दोन बोल्ट जागेवर जाईनात. दारं उघडी असताना तापमान बदलून ती किंचित आकसली किंवा फुगली असावीत. वरचा बोल्ट बसवावा तर खालचा सुटायचा. शेवटी मस्ग्रेव्ह यांनी खाली पट्ट्याने स्वतःला जखडून घेऊन दाराला रेटा दिला, हॉफमन यांनी यांत्रिक हातावर उभं राहून वरची बाजू धरली, आणि दोघांनी वरची आणि खालची कडी एकाच वेळी लावली. तो स्पेसवॉक जवळजवळ आठ तास चालला. तिसऱ्या दिवशी याच जोडीने जुना मोठा कॅमेरा काढून नवा बसवला. हा साधारण २८० किलोचा. वजन जाणवत नाही, पण वस्तुमान जातं कुठे? एकदा हलायला लागलं की थांबवायला तेवढाच जोर लागतो, म्हणून तो रुळांवर हळूहळू सरकवावा लागतो. त्याचा प्रकाश घेणारा छोटा आरसा पुढे आलेला असतो. आवरण काढल्यावर तो उघडाच. त्याला स्पर्श झाला असता तर सगळं वाया. या कॅमेऱ्याच्या आतल्या आरशांतच मुख्य आरशाच्या चुकीच्या बरोबर उलट दुरुस्ती घडवलेली होती. बाकीच्या उपकरणांसाठी नाण्याएवढ्या आरशांचं 'कोस्टार' बसवलं गेलं. १३ जानेवारी १९९४ ला पहिली स्वच्छ छायाचित्रं जाहीर झाली.

उरलेलं थोडक्यात. १९९२ आणि १९९६ च्या मोहिमांत तारेला बांधलेल्या उपग्रहाचा प्रयोग होता. पहिल्या खेपेला तार अडीचशे-एक मीटरवर अडकली, कारण तार सोडणाऱ्या यंत्रणेत एक बोल्ट पुढे आला होता. दुसऱ्या खेपेला ती साधारण १९.७ किलोमीटरवर तुटली. पाच उड्डाणांत मिळून हॉफमन १,२११ तास अंतराळात राहिले. १९९७ मध्ये त्यांनी अंतराळवीर विभाग सोडला, काही वर्षं पॅरिसमध्ये नासाचे प्रतिनिधी होते, २००१ पासून एमआयटीत प्राध्यापक झाले. मंगळावरच्या पर्सिव्हरन्स गाडीतल्या 'मॉक्सी' या उपकरणाचे ते उपप्रमुख होते. कार्बन डायऑक्साइड ८०० अंशांना तापवून त्यातून विजेच्या मदतीने ऑक्सिजन वेगळा काढायचा, असं हे उपकरण. १६ वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही स्पष्ट सांगतो. पहिलं, नागरिकत्व. नासासाठी अमेरिकेचं लागतं, युरोपीय संस्थेसाठी तिच्या सदस्य देशाचं. भारतात गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलातले चाचणी वैमानिक आहेत. शास्त्रज्ञांसाठी वाट उघडेल अशी आशा मला आहे, पण तिच्यावर आज करिअर बेतू नका. दुसरं, काळ. हेनाइझ यांची निवड १९६७ ची आणि उड्डाण १९८५ चं, वयाच्या ५८ व्या वर्षी. तेव्हाचा कार्यक्रमच आटला होता, त्यांच्या लायकीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. १९६७ च्या तुकडीला जेट विमान चालवायचं पूर्ण प्रशिक्षण सक्तीचं होतं. १९७८ च्या शास्त्रज्ञांना ती अट नव्हती. नियमही असे बदलतात. तिसरं, माझ्या म्हणण्याला अपवाद आहेत. युरोपने २०२२ मध्ये २२ हजारांहून जास्त अर्जांतून १७ जण निवडले, त्यात ब्रिटनच्या रोझमेरी कूगन आहेत. त्यांचं संशोधन आकाशगंगांच्या उत्क्रांतीवरचं, मुख्यतः निरीक्षणांचं. तेव्हा डिटेक्टर हाच एकमेव रस्ता असं मी म्हणणार नाही. पण अंतराळवीर होणं जमलं नाही, आणि बहुतेकांना ते जमत नाही, तरी उपकरणं जाणणारा खगोलशास्त्रज्ञ टीआयएफआर, आयुका (पुण्यातलं खगोलशास्त्राचं केंद्र) किंवा इस्रोच्या कामांत हवाच असतो. दोन्ही अर्थांनी हा प्रकल्प तुम्हाला फळेल.

आता प्रत्यक्ष डिटेक्टरकडे. सोडियम आयोडाइडचा स्फटिक ओलावा शोषतो, विशेषतः आपल्या पावसाळ्यात. कवचाच्या काचेतून तो पिवळट दिसला तर सील गेलंय, दुसरा मागा. फोटोमल्टिप्लायर जोडताना मध्ये सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या आणि हलकं गोल फिरवत दाबा. बुडबुडा राहिला की प्रकाश वाया जातो. सिझियम-१३७ या किरणोत्सर्गी स्रोताचं ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचं शिखर चांगल्या डिटेक्टरला सुमारे ७ टक्के रुंदीचं येतं. १० च्या वर गेलं तर आधी हा सांधा तपासा, इलेक्ट्रॉनिक्सवर नंतर या. स्रोत नेहमी प्रयोगशाळेच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्यांच्या परवानगीनेच वापरायचा.

प्रकाशगळती पहिल्याच दिवशी तपासा. खोलीत अंधार करून व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवा आणि संख्या स्थिर झाली की टॉर्चचा झोत प्रत्येक सांध्यावरून फिरवा. आकडा उसळला तिथे काळी पट्टी. व्होल्टेज चालू असताना नळी उजेडात उघडी पडली तर ती कायमची खराब होऊ शकते, म्हणून काहीही उघडण्याआधी व्होल्टेज शून्यावर. हे क्षुल्लक वाटेल, पण अंतराळस्थानकावरच्या 'नायसर' या क्ष-किरण दुर्बिणीत मे २०२३ मध्ये हीच प्रकाशगळती सुरू झाली आणि दिवसा निरीक्षण करणं अवघड झालं. जानेवारी २०२५ मध्ये निक हेग यांनी सुनीता विल्यम्स यांच्यासोबतच्या स्पेसवॉकमध्ये तिच्यावर ठिगळं लावली.

आणि एक वही ठेवा. रोज सकाळी आणि दुपारी खोलीचं तापमान आणि ६६२ चं शिखर कितव्या चॅनेलवर (मोजणीच्या कितव्या कप्प्यात) आलं ते लिहा. तापमानाबरोबर ते सरकेल. किती सरकतं हे तीन आठवड्यांत कळेल. दुसरी, स्वतंत्र तपासणी म्हणून रात्रभर स्रोताशिवाय मोजणी चालू ठेवा: भिंतींमधल्या पोटॅशियम-४० चं १४६१ चं शिखर आपोआप दिसतं. दोन्ही शिखरांवरून काढलेलं कॅलिब्रेशन जुळलं नाही, तर जुळेपर्यंत पुढच्या मोजमापाला हात लावू नका.